बर्फात चालणारी गाडी आणि गुलाबभाऊंची बिजली

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. घोडी आणण्यासाठी मी गाडी कशी निवडली, त्याची ही हकीकत आहे. आमच्या घरात अजूनही 'शुभानं निवडलेली गाडी' एवढं कुणी म्हटलं, तरी सासूबाईंना ठसका लागतो.

मला सांगा, नागपुरात बर्फ कुठे असतो? रसवंतीत. गोळेवाल्याकडे. लग्नात पाण्याच्या ड्रमात. कधीतरी गारा पडतात, त्या वेगळ्या. रस्ताभर साचलेला बर्फ मी फक्त फोनवर पाहिलाय. तरीही मी शहरातल्या एकूण एक शोरूममध्ये जाऊन ठणकावून विचारत होते, "ही बर्फात चालेल का?"

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते.

हिंगण्याच्या पुढे आमची थोडी मोकळी जागा आहे. तिथे मी लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. वर्ग म्हणजे काय, तर एक कुंपण, एक कडुनिंब आणि राजा नावाचा घोडा. राजा इतका म्हातारा झालाय, की पाठीवर मूल बसलं की आधी सुस्कारा सोडतो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता याला आराम द्या. झालं! घोड्याचा वर्ग, आणि घोडाच नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरं जनावर आलं नाही तर वर्ग बंद करावा लागणार होता. मुलं रोज विचारायची, "टीचर, नवीन घोडा केव्हा येणार?" मी हसून वेळ मारून न्यायचे. पण खरं सांगते, रात्री उठून फोनवर घोड्यांच्या जाहिराती चाळायचे.

अशात मला गुलाबभाऊ भेटले. नरखेड तालुक्यात लग्नाच्या वरातीला ते घोडी द्यायचे. गुडघे धरले म्हणून धंदा बंद करून मुलाकडे पुण्याला निघाले होते. त्यांची बिजली पांढरीशुभ्र, स्वभावानं गाय. मी बघायला गेले आणि तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. मी तिथेच विरघळले.

"ताई, बिजली तुमालेच देतो," गुलाबभाऊ म्हणाले. "पन दसरा झाला का लगेच घेऊन जा. मी पुण्याले चाललो. नाही तं तो डीजेवाला दारातच बसून हाय, त्याले द्या लागन. अन् एक ध्यानात ठेवजा, बँड वाजल्याबिगर ही..."

"भाऊ, आता बँड-बिंड सगळं बंद!" मी म्हटलं. "आता ही शाळेत शिकवणार!"

लोकांचं वाक्य मध्येच तोडायची मला सवय आहे. तेवढं लक्षात असू द्या.

आता घोडी आणायची कशी? आमचे हे, म्हणजे विलास, मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामात आहेत. माणूस शांत. ते म्हणाले, "एखादी पिकअप सांगतो ना भाड्यानं."

"पिकअप? गव्हाची पोती आणायचीत का?"

कारण मी परदेशातले व्हिडिओ पाहिले होते ना! तिकडे कशी ती बाई, पुढे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, मागे घोड्याचा झोकदार ट्रेलर, गुडघाभर बर्फातून एका हातानं स्टीअरिंग फिरवत जाते, आणि दुसऱ्या हातात कॉफी! मला तसंच जायचं होतं. कॉफीच्या जागी चहा चालला असता. तशीही आमची जुनी गाडी बदलायची होतीच.

ट्रेलर मी कन्हानच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतला. त्यानं फोनवरचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, म्हशीचा करून देऊ का? साइज तेच बसते."

मग गाडी. पहिल्याच शोरूममधला टायवाला पोरगा उत्साहानं म्हणाला, "मॅडम, सनरूफ पाहता का?"

"सनरूफ राहू द्या. बर्फात चढेल का?"

"मनालीला जाणार का, मॅडम?"

"नरखेडला."

तो खुर्चीत बसला.

टेस्ट ड्राइव्हला तो मला उड्डाणपुलावरून फिरवून आणायला निघाला. मी म्हटलं, मला चिखल दाखवा. पण आमच्या नागपुरात आता गल्लीबोळातसुद्धा सिमेंटचे रस्ते, चिखल आणायचा कुठून? शेवटी पाइपलाइनसाठी खोदलेला एक डबरा सापडला. मी गाडी त्यात घातली आणि बाहेर काढली! अंगावर मूठभर मांस चढलं. पोरगा मात्र घरी जाईपर्यंत टायनं घाम पुसत होता.

अशा सगळ्या परीक्षा घेऊन मी एक अगडबंब गाडी पसंत केली. तिच्यात एक गोल बटण होतं. फिरवलं की चिखल, वाळू, बर्फ, सगळ्यांची चित्रं. मागच्या सीटवरून सासूबाईंनी मान पुढे काढली.

"हे फुलावानी काय हाय गा?"

"स्नो मोड, आजी. बर्फासाठी," पोरगा म्हणाला.

"मंग एसी काहून वेगळा घेऊन राहिलो आपण?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग सासूबाईंनी हट्ट धरला, की गाडी मागे घेताना वाजते ती धून लावून पाहिजे. आणि धून कुठली? तर वरातीची! सनई, ढोल, झांजा, सगळं साग्रसंगीत!

"आई, हिला मागे कॅमेरा आहे, सेन्सर आहेत."

"कॅमेऱ्यात तुले दिसते. मांगच्या माणसाले काय दिसते?"

"एवढी रुबाबदार गाडी, आणि मागे येताना लग्न वाजणार? लोक हसतील!"

"हसू दे. हसणारा माणूस बाजूले तं होते."

मी साफ नाही म्हणून सांगितलं. ठाम. एकदम अंतिम निर्णय.

दसऱ्याला गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी ऐटीत लिंबं चिरडली, मग गाडी नीट लावायला म्हणून मागे घेतली, आणि अख्ख्या कॉलनीत वरात वाजायला लागली! लोक बाल्कनीत आले. समोरच्या काकूंनी तर विचारलं, कोणाचं गं? मी विलासकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते. आईचं मन मोडवलं नाही म्हणे! त्या दिवशी मी त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही.

ती धून मी लगेच काढून टाकणार होते. पण सणामुळे दुकान बंद, आणि तिकडे दुसऱ्याच दिवशी गुलाबभाऊ पुण्याला निघणार. निघावंच लागलं. विलास माझ्या शेजारी. मागे सासूबाई, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. "घोडीले हळद-कुंकू कोन लावन?" असं म्हणून त्या आधीच बसल्या होत्या.

आदल्या दिवशी परतीचा पाऊस धो धो कोसळून गेला होता. डांबरी रस्ता संपला आणि संत्र्याच्या बगीच्यांमधून गुलाबभाऊंच्या घराकडे जाणारी पांदण सुरू झाली. काळी माती! वाळली की दगड, भिजली की डिंक. मला तर तेच हवं होतं. लांबवर गुलाबभाऊ आणि त्यांची बायको अंगणात उभे राहून दोन्ही हात हलवत होते.

"बघा हो, किती आनंद झालाय त्यांना!" मी हॉर्न वाजवून हात केला.

त्यांनी आणखी जोरात हात हलवले. गुलाबभाऊंनी तर गळ्यातला दुपट्टा काढून तो हलवायला सुरुवात केली. मला भरून आलं. एवढं स्वागत माझं माहेरी होत नाही!

"शुभा," विलास हळूच म्हणाले, "ते थांबा म्हणून राहिले, असं वाटते मला."

"तुम्हाला सगळीकडे थांबाच दिसतं." मी बटण चिखलावर फिरवलं आणि गाडी पांदणीत घातली.

थोडी गेली हं! खोटं नाही बोलत. मग चाकांवर माती चढायला लागली. चढली, चढली, आणि चारी चाकांचे लाडू झाले. चिखल तर लावलेलाच होता. वाळू लावली. शेवटी, हो, बर्फही लावला! घेतलाय तर लावायला नको? गाडी पोटापर्यंत खाली बसली.

सासूबाईंनी काच खाली करून पाहिलं. "साध्या गाडीनं दोन खड्डे पडते, शुभे. हिनं चार पाडले. पैसे वसूल!"

आणि मग समोरून बिजली आली. चालत. त्याच चिखलातून, पाय उचलत, निवांत. जिला चिखलातून ओढून न्यायला मी हे धूड घेतलं होतं, ती स्वतः माझी चौकशी करायला आली आणि खिडकीतून नाक आत घातलं!

मागून लंगडत गुलाबभाऊ आले. "ताई, मी केव्हाचा हात हलवून राहिलो! गाडी डांबरीवरच ठेवा म्हून! बिजलीले मी आनलं असतं ना तिकडे!"

मी काहीतरी टायरच्या हवेबद्दल बोलले. कुणी ऐकलं नाही.

गाव जमा झालं. ट्रेलर सोडवून माणसांनी हातानं ओढत रस्त्यावर नेला. मग सगळे बॉनेटला भिडले. "ताई, रिव्हर्स लावा!" मी रिव्हर्स लावला.

सनई सुरू झाली.

बिजलीचे कान ताठ झाले. मान कमानीसारखी वाकली. एक पाय वर, मग दुसरा, आणि बाईसाहेब भर चिखलात नाचायला लागल्या! मी घाबरून गिअर काढला. धून बंद, बिजली पुतळ्यासारखी उभी. रिव्हर्स लावला, बिजली सुरू. ढकलणारे ढकलायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले.

"अरे, ढकला ना गा!" विलास ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी निघाली एकदाची, पण तिथे वळवायला जागा कुठे होती? सबंध पांदण उलटी पार करावी लागली. म्हणजे डोळ्यांसमोर आणा, मी मागे बघत गाडी चालवतेय, धून वाजतेय, बॉनेटसमोर बिजली नाचत येतेय, आणि सासूबाई खिडकीतून पेढे वाटतायत! आजूबाजूच्या बाया धावत आल्या. "कोनाची वरात वं? नवरी कुठी हाय?" एकीनं काचेतून आत डोकावलं. चाकांनी उडवलेला चिखल केसात घेतलेली मी तिला दिसले.

"बाप्पा!" ती मागच्या बाईला म्हणाली. "नवरी तं चांगली पोक्त हाय!"

डांबरीवर आलो. ट्रेलर जोडला, मागची फळी खाली टाकली. आता फक्त बिजलीनं चढायचं होतं. ती चढेना. गूळ दाखवला, चणे दाखवले, गोंजारलं. मी फळीचा उतार किती असावा यावर भाषण दिलं. बिजली ढिम्म. तेवढ्यात तो डीजेवाला मोटरसायकलवरून आला आणि पाय टेकवून मजा पाहत उभा राहिला.

"नाही चढत?" तो म्हणाला. "राहू द्या. मी चालवत घेऊन जातो तिले."

गुलाबभाऊंचं सामान बांधून तयार होतं. त्यांना त्याच दिवशी निघायचं होतं. मी बिजलीकडे पाहिलं आणि मला त्याच्या कर्कश, भिंतीएवढ्या स्पीकरपुढे उभी असलेली बिजली दिसली. रिकामं कुंपण दिसलं. मुलं दिसली. आणि काय सांगू, एवढी तोंडाळ बाई मी, पण मला भर रस्त्यात रडू फुटलं.

नाक पुसता पुसता मला ते तुटलेलं वाक्य आठवलं. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता? बँड वाजल्याबिगर ही... काय?"

"बँड वाजल्याबिगर ही नव्या जागी पाऊल टाकत नाही, असं सांगून राहिलो होतो," गुलाबभाऊ म्हणाले. "पन तुमी बोलू कुठी देल्लं!"

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सासूबाईंनी पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "लाव वं रिव्हर्स."

मी निमूटपणे आत बसले, ब्रेक दाबून धरला आणि रिव्हर्स लावला. गाडीच्या मागून, म्हणजे बरोब्बर ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी, सनई वाजली. बिजलीनं मान वाकवली आणि नाचत नाचत फळी चढली! अर्ध्यात माझ्या हातून गिअर सुटला, तर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी थबकली. "लावा, लावा!" अख्खं गाव ओरडलं. लावला. गेली आत. दार बंद!

गुलाबभाऊंनी जाळीतून हात घालून तिच्या कपाळावर ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. "हिले वरातीत नाचवू नोका, ताई," ते म्हणाले. "पन कधीमधी वाजवजा."

कधीमधी? अहो, सुरुवातीला रोज! आमचं कुंपणही बिजलीला नवीनच होतं ना! मग काय, गाडी कडुनिंबाखाली उभी, मी आत ब्रेक दाबून बसलेली, आणि बिजली मुलांना पाठीवर घेऊन सनईच्या तालावर गोल गोल. मुलं खिदळतात काय, घरी जायला नाही म्हणतात काय! वर्ग बंद पडायचं सोडाच, आता नव्या मुलांना सांगावं लागतं, जरा थांबा, आणखी एक घोडी बघतोय. राजासुद्धा कुंपणापाशी उभा राहून मान डोलावतो.

पुढे विलासनी ती धून फोनमध्ये भरून झाडाला एक छोटा स्पीकर टांगला. म्हणजे गाडीचं तेवढंही काम संपलं!

परवा शेजारचे काका आले. त्यांना फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायची आहे. म्हणाले, "शुभाताई, तुम्ही एवढा अभ्यास केलाय. नेमकं काय पाहून घ्यावी हो?"

मी घसा साफ केला. चष्मा लावला. म्हटलं, "हे बघा काका, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बर्फात..."

"मांगं येताना कशी वाजते, थे पायजा," आतून सासूबाईंचा आवाज आला. "बाकीचं घोडी पायते!"