सिस्टरच्या खिशातला आवाज

सिस्टर लेकरांचे आवाज खिशात ठेवायच्या. ऑपरेशन थिएटरच्या दारात गणवेशाचा खिसा उघडून धरायच्या आणि माझ्या चार वर्षांच्या अन्वीला म्हणायच्या, "टाक गो बाय इथे. आत आवाजाचं काम नाही." अन्वी ओठांवरून चिमटीत काहीतरी उचलून खिशात सोडायची. शुद्धीवर आली की हात पुढे करायची, आणि आवाज परत मिळेपर्यंत तोंड उघडायची नाही.

विषाणूमुळे तिच्या स्वरयंत्रावर मसे यायचे. लेझरने काढावेत, तर काही आठवड्यांत पुन्हा हजर. आवाज घोगरा, श्वासाला शिट्टी. त्यात कोविड! इथे परदेशात, आमच्या पेंडल हिलच्या दुकानात पोरगी नुसती खोकली तरी माणसं रांग सोडून पळायची. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर ज्येष्ठमधाचा जप करायच्या. हॉस्पिटलात एकाच पालकाला परवानगी, म्हणून नवरा खाली कारमध्ये. एकदा मी सिस्टरांवरच खेकसले, "अजून किती वेळा कापणार आहात तिला?"

"आमची वसईला केळीची वाडी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तण उपटलं तरी परत येतं. म्हणून कोणी वाडी टाकून जातं काय? उपटत राहायचं. रड हवं तर, पण पोरीसमोर नको." आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या.

अन्वी त्यांना मावशी म्हणायची. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, तरी त्या मराठीच बोलायच्या. म्हणायच्या, "गुंगी चढताना कानावर आईची भाषा पडलेली बरी."

त्यांची स्वतःची आई मात्र तिकडे वसईत आजारी, आणि इथे सीमा बंद. शेवटी खास परवानगी काढून गेल्या. आई वाचली. सिस्टर कोविडने तिथेच गेल्या. देवाला डोळे आहेत की नाही!

पुढच्या ऑपरेशनला अन्वीने दारातच विचारलं, "मावशी कुठेय?" सांगायला माझी जीभ रेटेना. "आज माझ्या जॅकेटच्या खिशात टाक," म्हटलं. तिने नाखुशीने टाकला. शुद्धीवर आल्यावर मी खिसा उघडून धरला, तर ती मान हलवून दाराकडे हात पसरून बसली. नवी नर्स बिचारी "टॉक टू मम्मी, डार्लिंग" करून थकली. शेवटी सांगितलं, मावशी देवाघरी गेली, आता यायची नाही.

मग तिनेच माझ्या खिशात हात घातला, मूठ तोंडाला लावली आणि खरखरत्या आवाजात विचारलं,

"आई, मावशीने जाताना तिचा आवाज कोणाकडे दिला?"