पुलावरच्या फौजदारबाई

नदीवरच्या त्या पुलाच्या बरोबर मध्ये एक पांढरी रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरं. भाषा एक, बाजार एक, आणि सोयरिकी इतक्या की अर्ध्या घरांचे जावई रेघेपलीकडचे. पोलीस तेवढे वेगळे. अलीकडच्यांचा गणवेश खाकी, पलीकडच्यांचा निळा, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. हा नियम पोलिसांपेक्षा चोरांना जास्त पाठ होता.

फौजदारबाई पुलाच्या चौकीवर नव्याने रुजू झाल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांना त्याचा अनुभव आला. एका म्हातारीच्या गळ्यातली साखळी हिसकावून एक भामटा पळाला. बाई बाजारातून, वखारींच्या गल्लीतून, थेट पुलापर्यंत त्याच्यामागे धावल्या. भामट्याने रेघ ओलांडली आणि पळायचा थांबला. कठड्यावर बसून त्याने सावकाश बुटाची नाडी बांधली, आणि बाईंकडे बघून चक्क हात हलवला. बाई रेघेवर धापा टाकत उभ्या. तेवढ्यात पलीकडच्या चौकीतून डोंगराएवढा एक हवालदार डुलत डुलत आला. त्याने भामट्याला बघितलं, मग बाईंना.

"तुमचा?" त्याने विचारलं.

"हो."

"माझा कालपासून तुमच्याकडे आहे. सायकली चोरतो. तो बघा, त्या हिरव्या टपरीत चहा पितोय."

बाईंनी मागे वळून बघितलं. खरंच पीत होता. दोघांनाही हसू आवरेना.

संध्याकाळच्या आत साखळीवाला रेघेच्या अलीकडे सापडला आणि सायकलवाला पलीकडे. कसे, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

त्या हवालदाराला त्याच्या ठाण्यात सगळे पहाड म्हणत. अंगाने तसा, आणि स्वभावानेही. सहसा हलायचा नाही. पण नजर घारीची. कुठली गाडी रोजची, कुठली परकी, कोण माणूस उगाच घुटमळतोय, हे त्याला नाक्यावर उभ्या उभ्या कळे. बाई आणि पहाड आठवड्यातून एकदा तरी रेघेपाशी भेटू लागले. "आमच्याकडे अमका नवा आलाय, बघा," "तमक्या नंबरची गाडी कुणाची हो?" असं चाले. सरकारी रस्त्याने गेलं, तर हीच माहिती या ठाण्यातून वर, वरून राजधानीत, तिथून दुसऱ्या राजधानीत, आणि मग खाली पलीकडच्या ठाण्यात यायची. म्हणजे वरातीमागून घोडं. फोनवर तेच काम चहा निवायच्या आत होई.

अशी काही वर्षं बरी गेली. मग बाईंवर नवे साहेब आले. त्यांना कुणीतरी कानाशी लागून सांगितलं, की फौजदारबाई परवानगीशिवाय पलीकडे माहिती पुरवतात. साहेबांनी बाईंना बोलावलं.

"तुम्ही परक्या खात्याला थेट फोन करता?"

"करते, साहेब. त्यांचेही येतात."

"हे तुम्हाला साधं वाटतं?"

बाईंची खात्याअंतर्गत चौकशी लागली. चौकी गेली आणि बदली भांडारात झाली. काठ्या, हेल्मेट, रेनकोट, फाटके तंबू यांच्या राज्यात. घरी सासूबाईंना वाटलं, सुनेने काही गैर केलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. नवरा शिंपी. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आई, चोर पकडले म्हणून शिक्षा झालीय तिला. जेवायला वाढ."

बाईंनी मात्र कानाला खडा लावला. आता आपण बरे, आपलं काम बरं.

एका रविवारी दुपारी पहाड साध्या कपड्यांत घरी आला. बगलेत कापड. पँट शिवायची, असं निमित्त. नवऱ्याने टेप घेऊन मापं घ्यायला सुरुवात केली. एक टेप पुरते की नाही, यावर दोघांचा विनोदही झाला. मग पहाड हळूच बाईंना म्हणाला, "एक पांढरी व्हॅन आहे. तुमच्याकडून येते, रिकामी. पण चाकं बघितली, तर भरलेली वाटते. तुमच्या जागेवरच्या नव्या फौजदारांना विचारलं. ते म्हणाले, वरिष्ठांमार्फत या. तुम्ही जरा बघता का, कुणाची आहे?"

"हवालदार, माझी चौकशी चालू आहे," बाई म्हणाल्या. "मला यात ओढू नका."

"बरोबर आहे," तो म्हणाला. चहा प्यायला आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी शाळा भरायच्या वेळी, पलीकडच्या बस स्टँडवर त्या पांढऱ्या व्हॅनचा स्फोट झाला. सात माणसं गेली. कितीतरी जखमी झाली. त्यांत बाईंची नणंद होती. तिचं स्टँडसमोर वह्या-पेनांचं छोटं दुकान. शटर वर करत होती. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाई इस्पितळात पोचल्या, तेव्हा बाहेरच्या बाकावर पहाड बसलेला. गणवेशावर धूळ, डोळे लाल. बाई त्याच्या शेजारी बसल्या.

"मी नाही म्हणाले तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात," पहाड म्हणाला, "आणि मीही मग घरी जाऊन पोटभर जेवलोच की."

नणंद शुद्धीवर आल्यावर तिनेच विषय काढला. ती तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी आवाज खोल गेलेला. "वहिनी, त्या गाडीबद्दल कुणाला तरी संशय होता म्हणे. खरं?"

"खरं, वन्सं. मलाही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नणंदेने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई तिथेच बसून राहिल्या. अंधार पडायच्या सुमारास नणंद भिंतीकडे बघतच म्हणाली, "पाणी दे." बाईंनी दिलं. त्या दिवशी तेवढंच.

स्फोटाच्या चौकशीसाठी दोन्ही सरकारांनी मिळून एक समिती नेमली. बाईंना कुणी बोलावलंच नव्हतं. भांडारातल्या माणसाला कोण विचारतो? त्या आपण होऊन गेल्या. नवऱ्याने विचारलं होतं, "नोकरी जाईल, माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या होत्या, "माहीत आहे. तुमची मशीन आहे." समितीपुढे त्यांनी काही लपवलं नाही. व्हॅनबद्दल पहाड काय म्हणाला, त्यांच्या जागेवरच्या फौजदारांनी काय उत्तर दिलं, स्वतः काय उत्तर दिलं. "मी का घाबरले, तेही लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी उद्या दुसरं कुणी असेल, तेही असंच घाबरेल."

नोकरी गेली नाही. वर्षभराने पुलाजवळच्या बंद पडलेल्या टोलनाक्यात एक सामाईक खोली उघडली. दोन्हीकडचे पोलीस, कस्टम, रेल्वे पोलीस आणि गुप्तवार्ता, प्रत्येकाचं एक टेबल. अलीकडच्या टेबलावर बाईंची नेमणूक झाली, पलीकडच्या टेबलावर पहाडची. त्याला बसेल अशी खुर्ची मिळायलाच आठवडा गेला.

पण एका छपराखाली आले म्हणून माणसं एक होतात थोडीच! प्रत्येकाच्या कपाटाला वेगळं कुलूप. कुणी कुणाला ताकास तूर लागू देईना. कस्टमच्या बाई कागद उलटे घालून ठेवायच्या. रेल्वेच्या जमादारांना वाटे, आपल्याला सगळे कमी लेखतात; म्हणून ते आधीच रुसून बसायचे. आणि गुप्तवार्तेचा तो सडपातळ माणूस! त्याला किती वाजले विचारलं, तरी म्हणायचा, "विचारून सांगतो."

बाईंनी एक पद्धत पाडली. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची. मोठी बातमी नको, गुपित नको. फक्त जिचा अर्थ लागत नाही अशी गोष्ट. "मला हे कळलं नाही, असं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही," त्या म्हणाल्या. सुरुवातीला लोक टाळाटाळ करायचे. जमादारांनी पहिल्या दिवशी सांगितलं, की फलाटावरचं घड्याळ रोज पुढे का जातं, ते कळत नाही. सगळे हसले. पण त्या हसण्याने बर्फ जरा वितळला. दिवसामागून दिवस गेले, आणि कपाटांना कुलपं लावायचं लोक विसरू लागले.

अशाच एका सकाळी कस्टमच्या बाई म्हणाल्या, "एका रंगाच्या कारखान्याच्या नावाने पिंपं आलीत. कागदपत्रं चोख. पण एवढं रसायन रंगाला लागतं का, मला कळत नाही."

"कुठला कारखाना?" फौजदारबाईंनी विचारलं. नाव ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "तो तर केव्हाचाच बंद पडलाय. आवारात शेळ्या चरतात."

जमादार खुर्चीत पुढे सरकले. "त्याच कारखान्याचा म्हणून एक माणूस पार्सलं सोडवायला स्टेशनवर येतो. बोलतो गोड, पण नजरेला नजर देत नाही." त्यांनी त्या माणसाचं वर्णन केलं. भुवईवर भाजल्याचा डाग, उजव्या पायाने किंचित लंगडतो.

सगळे नकळत गुप्तवार्तेच्या माणसाकडे बघू लागले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "विचारून..." तो म्हणाला आणि थांबला. मग दार लावून घेतलं. "बस स्टँडच्या वेळी निसटला, तो हाच. पलीकडे त्याचे साथीदार आहेत. ते कुठल्या घरात जमतात, ते आम्हाला ठाऊक नाही."

आता घोडं अडलं दोन साहेबांपाशी. अलीकडच्या साहेबांचं म्हणणं, माणूस आपल्या हद्दीत आहे, आपणच पकडू. पलीकडच्यांचं म्हणणं, एकटा धरला की बाकीचे पांगतील, आणि ते घर कधीच सापडणार नाही. कस्टमच्या बाईंनी मार्ग काढला. पिंपं अजून त्यांच्याच गोदामात होती. आतलं रसायन काढून खडूची भुकटी भरता येईल. गाडी पुलावरून जाऊ द्यायची, आणि पलीकडे ती थांबेल तिथे सगळ्यांना धरायचं.

"आणि पलीकडचे चुकले तर?" साहेबांनी बाईंना विचारलं. "नाव कुणाचं खराब होईल?"

"साहेब, मागच्या वेळी कुणाचंच नाव खराब झालं नाही," बाई म्हणाल्या. "माणसं मेली तेवढी."

साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या गाडी."

भर दुपारी गाडी पुलावर आली. नाक्याचा आडवा दांडा बाईंनी स्वतःच्या हाताने वर केला. चालकाशेजारी तो भुवईवर डाग असलेला माणूस बसला होता. त्याने बाईंना चक्क नमस्कार केला. बाईंनीही केला. पिंपांत खडू आहे, हे ठाऊक होतं. पण त्याच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे, हे कुणाला ठाऊक होतं? आणि गाडी निघाली होती नणंदेच्याच गावात.

गाडीने रेघ ओलांडली. आता सगळं पहाडच्या हातात.

खोलीत जमादार नखं खात होते. कस्टमच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. गुप्तवार्तेचा माणूस सगळ्यांसाठी चहा करायला उठला आणि साखरेऐवजी मीठ घालून बसला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळ्यांनी प्यायला.

फोन वाजला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"सगळे सापडले," पहाड धापा टाकत म्हणाला. "कुणाला खरचटलं नाही. म्हणजे, मी जिन्यावरून पडलो. मनगट गेलं. पण ज्याच्या अंगावर पडलो, त्याची अवस्था जास्त वाईट आहे."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. फोन जमादारांनी घेतला.

नंतरची एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. गाडीचा चालक भाड्याचा होता. पिंपांत रंग आहे, असंच त्याला सांगितलं होतं. त्याची बायको टोलनाक्याबाहेर रोज येऊन उभी राहायची. बाईंनी त्याच्या आधीच्या फेऱ्यांची चौकशी केली, जमादारांनी हमालांचे जबाब मिळवले. मग खाकी गणवेशातल्या बाईंनी पलीकडच्या न्यायालयात उभं राहून चालकाच्या बाजूने साक्ष दिली. असं आधी कधी घडलं नव्हतं. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आलात?" बाई म्हणाल्या, "जे झालं, ते सांगायला आले." चालक सुटला. बाकीच्यांना मोठ्या शिक्षा झाल्या. वर्तमानपत्रात दोन्ही साहेबांचे फोटो आले; खोलीतल्या कुणाचा आला नाही. त्याचं कुणाला फार वाईटही वाटलं नाही. पहाड म्हणाला, आपण फोटोत मावलो नसतो.

पकडापकडीच्या दुसऱ्याच दिवशी बाई नणंदेच्या दुकानात गेल्या होत्या. नणंद नव्या पायावर, काउंटरला धरून, वरच्या फळीवरून रंगपेट्या काढत होती. मदत केलेली तिला चालत नसे, म्हणून बाई नुसत्या उभ्या राहिल्या.

"काल दुपारी त्या मागच्या गल्लीत पोलीसच पोलीस होते म्हणे," नणंद म्हणाली. "काय झालं?"

तपास चालू होता. सांगायची मुभा नव्हती. "काही नाही झालं, वन्सं."

नणंदेने रंगपेटी खाली ठेवली आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. दोन रात्रींच्या जागरणाचे डोळे, चुरगळलेला गणवेश. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने बाईंचा हात हातात घेतला.

"काही नाही झालं ना?" ती म्हणाली. "मग बस घटकाभर. शाळा सुटेपर्यंत गिऱ्हाईक नाही."