मामा, मोबाईल आणि वीतभर अंतर

माझ्यावर या जगात सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या मामांचे, आणि मोबाईलच्या लहरींना या जगात सर्वांत जास्त कोणी छळलं असेल तर तेही माझ्या मामांनीच. लहरींना जीव असता तर बदलापूर पूर्वेला शिरगावच्या नाक्यावर येताच त्यांनी रस्ता बदलला असता.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमची एक खोली होती. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. खालच्या मशीन सुरू झाल्या की ताटातली वाटी आपोआप सरकायची. दहावीचा निकाल लागल्यावर बाबा मला त्याच कारखान्यात चिकटवायच्या विचारात होते. तेवढ्यात एका रविवारी मामा आले, चहा प्यायले आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागले. म्हणाले, "हा माझ्याकडे राहील. सायन्स घेईल." बाबांनी विचारलं, "सायन्स घेऊन काय करेल?" मामा म्हणाले, "ते मला माहीत असतं तर मीच नसतं घेतलं?" शिरगावच्या घरातली आतली खोली त्यांनी मला दिली आणि स्वतःची खाट बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आणून टाकली. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर होईपर्यंत ती तिथेच होती. पदवी हातात आल्यावर या उपकारांची मी पहिली फेड केली ती अशी, की मामांना समोर बसवून नीट समजावलं. मोबाईलच्या लहरींमध्ये अणूला धक्का लावण्याएवढा जोर नसतो, शास्त्रज्ञ त्यांच्या मागे लागलेले आहेत, पण त्यांनी माणसाला रोग होतो असं अजून कोणी पक्कं दाखवलेलं नाही. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मामींकडे वळून म्हणाले, "बघ, मी शिकवला आणि टॉवरवाल्यांनी पळवला."

गंमत म्हणजे मामांनी उभी हयात अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात काढली होती. तिथल्या वाफेने त्यांचे सदरे निळे व्हायचे, रुमाल निळा व्हायचा, मामी म्हणतात की लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांची उशीही निळी होती. त्या वाफेची त्यांना कधी भीती वाटली नाही. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "ती दिसायची ना. आली की तोंड फिरवायचं. याला तोंड कुठे फिरवू? हे सगळीकडूनच येतं." समोरच्या इमारतीवर टॉवर उभा राहिल्यापासून घरात जे काही बिघडेल ते टॉवरच्या खाती जायला लागलं. दही लागलं नाही, टॉवर. माठातलं पाणी गार झालं नाही, टॉवर. खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंची मांजर घर सोडून गेली, तर मामा त्यांचं सांत्वन करायला गेले आणि म्हणाले, "शहाणी होती." स्टेशनला जायचा सरळ रस्ता टॉवरखालून जातो म्हणून ते भाजी मंडईला वळसा घालून जायचे. त्यामुळे गाडी चुकायची, पण पिशवीत कोथिंबीर असायची.

त्यांच्याकडे मोबाईल नव्हता असं नाही. बटणांचा एक होता. तो गॅलरीच्या टोकाला कठड्यावर ठेवलेला असायचा. कोणाचा फोन आला की मामा काठीने बटण दाबत, स्पीकर चालू करत आणि मागे मागे येत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ओरडून बोलत. घरातली कुठलीच गोष्ट त्यामुळे घरात राहिली नाही. माझ्या आईला मूतखडा झाला तेव्हा ती शिरगावला आली असताना पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईंनी रस्त्यात थांबवून तिला कुळथाचं पाणी प्यायला सांगितलं होतं. आई त्या बाईंना ओळखतही नव्हती.

मध्यंतरी मामांना कोणीतरी सांगितलं की लहरी शोषून घेणारी चकती मिळते, ती फोनला चिकटवायची. ते मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेले. फोनची कव्हरं विकणाऱ्या सिंधी दुकानदाराने काउंटरखालून सोनेरी स्टिकरची पट्टी काढली. "साईं, एकदम ओरिजनल. बाहर का माल है."

"बाहर म्हणजे कुठलं?" मामांनी विचारलं.

"अभी साईं, दुकान के बाहर से ही तो आया ना."

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "काम करतं का नाही कळणार कसं?"

दुकानदार म्हणाला, "आपको कुछ हुआ क्या आज तक?"

"नाही."

"तो फिर? लगाने के बाद भी नहीं होगा. गॅरंटी."

हा युक्तिवाद मामांना फार पटला. त्यांनी अख्खी पट्टी घेतली. एक फोनला लावली, मग टीव्हीला, फ्रीजला, मिक्सरला, आणि उरलेली एक मामींच्या चष्म्याच्या काडीला. मामी ती लावून आठवडाभर हळदीकुंकवाला फिरल्या. बायकांना वाटलं नवीन फॅशन आहे.

पण मामांचं सगळ्यात मोठं संशोधन म्हणजे कुकर. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बंद भांड्यात लहरी शिरत नाहीत, हे त्यांना मीच एकदा वर्गात शिकल्याच्या उत्साहात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दारात एक जुना कुकर आला. घरी येणाऱ्या प्रत्येकाने चपला काढायच्या आणि मोबाईल कुकरात टाकायचा. मामेबहिणीला बघायला डोंबिवलीहून पाहुणे आले, तेव्हाही मामांनी कुकर पुढे केला. मुलाच्या वडिलांना तो प्रकार प्रसादाचं ताट असावं तसा वाटला, त्यांनी आधी त्याला हात जोडले आणि मग समजल्यावर फोन आत ठेवला. मामांनी झाकण लावलं आणि सवयीने कुकर ओट्यावर नेऊन ठेवला. तिथे मामींचा दुसरा, तसाच कुकर डाळ-भात भरून तयार होता. पोहे देऊन झाल्यावर मामी घाईघाईने आत गेल्या आणि हाताला आला तो कुकर चढवून त्यांनी गॅस पेटवला.

बाहेर मुलगा मुलीला तिच्या आवडीनिवडी विचारत होता, एवढ्यात कुकर वाजायला लागला. शिट्टी नव्हे. गणपतीची आरती. मामी गॅसपासून दोन पावलं मागे सरकल्या. मुलाचे वडील उठत म्हणाले, "माझा फोन वाटतं." मामांनी उडी मारून गॅस बंद केला. फडक्याने झाकण काढलं तेव्हा फोन जेमतेम कोमट झाले होते, आणि वडिलांनी आपला उचलला तर पलीकडून मुलाची आत्या विचारत होती, "काय रे, कशी आहे मुलगी?"

मी मामांच्या कानाशी लागून म्हणालो, "मामा, कुकरमध्ये फोन लागला. म्हणजे लहरी आत जातात."

मामा क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "शिट्टी लावायची राहिली होती. तिथून गेल्या."

मुलाच्या वडिलांनी निघताना सांगितलं, "मुलगी पसंत आहे. जेवणाचं मात्र आपण हॉटेलात बघू." लग्न व्यवस्थित झालं, आज त्यांना एक मुलगी आहे, आणि ती कुकरची शिट्टी झाली की आरतीला टाळ्या वाजवते.

असं सगळं छान चाललं होतं. मग गेल्या वर्षी मामा एकदा मंडईतून येता येता जिन्यात चक्कर येऊन बसले. पुन्हा तसंच झालं. मी तोपर्यंत सोलापूरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो होतो. मामींचा फोन आला. फोनवर मामींनी मामांना एकदाही बोल लावला नाही. ते ऐकून मी रजा टाकली आणि निघालो.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. हृदयाचे ठोके फार मंद पडतात, मधेच थांबतात, म्हणून चक्कर येते. एखाद्या वेळी जास्त थांबले तर उठणं होणार नाही. खांद्याच्या खाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं. ठोका मागे राहिला की ते विजेची हलकी चालना देतं. मामांनी विचारलं, "मग ते बिघडलं तर कळणार कसं? पुन्हा कापणार?"

"नाही, नाही," डॉक्टर खुशीत म्हणाले, "कापायची गरजच नाही. आम्ही बाहेरूनच तपासतो. बिनतारी."

मी डोळे मिटून घेतले. मामा उठून उभे राहिले. "म्हणजे तुम्ही माझ्या छातीत टॉवर बसवणार."

घरी आल्यावर त्यांनी विषय बंद केला. मामी देवासमोर बसल्या त्या उठेनात. मी मामांच्या खाटेवर बसून पुन्हा सगळं सांगितलं, चित्रं काढून दाखवली. मामा म्हणाले, "अरे, तू चांगला आहेस. पण तुला टॉवर निर्धोक, मोबाईल निर्धोक, आता हे पण निर्धोक. तुला काही धोक्याचं वाटतच नाही, तर तुझ्या सांगण्यावर मी जायचं कसं?" इतकी वर्षं मी त्यांच्याशी वाद घालत आलो होतो, आणि जेव्हा माझ्या शब्दाला वजन असायला हवं होतं नेमकं तेव्हा ते उरलं नव्हतं. रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहिला, डोळे क्षणभर पांढरे झाले, मग परत ताटाकडे बघत म्हणाले, "मीठ कमी आहे." मामींनी मीठ वाढलं.

सकाळी मी नुसतं "डॉक्टरांना नाही म्हणून सांगायला तरी चला" असं म्हणून त्यांना आणि मामींना घेऊन गेलो. डॉक्टरांनी नकार ऐकला. थकलेल्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे काका. उगाच बळजबरी नाही. तसंही बसवल्यावर पथ्यं असतात, ती तुम्हाला जमली नसती."

"कसली पथ्यं?"

"मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही. यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचा. बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा."

मामा हळूच खुर्चीत बसले. म्हणाले, "परत सांगा."

डॉक्टरांनी परत सांगितलं. मामांनी मामींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग डॉक्टरांना म्हणाले, "हे जरा या पदवीधराकडे तोंड करून सांगा." डॉक्टरांनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं. मामा म्हणाले, "तुम्ही पहिले डॉक्टर भेटलात ज्यांना यातलं कळतं. कधी बसवायचं?"

मामांना तपासायला आत नेलं तेव्हा डॉक्टर मला दारात हळू आवाजात म्हणाले, "हे फक्त यंत्रासाठी आहे हं. फोनमुळे माणसाला आजार होतो असा त्याचा अर्थ नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग त्यांना सांगणार का?"

"नाही."

मामा आता ठणठणीत आहेत. चक्कर बंद झाली आहे, बोलणं दुप्पट झालं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या आणि आपल्या छातीच्या मधे ते वीत धरून अंतर मोजतात. बटणांचा फोन त्यांनी घराबाहेर काढला, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं तर आता पोस्टानेच. मी सोलापूरला निघालो त्या दिवशी पाया पडायला वाकलो. माझा फोन वरच्या खिशात होता. मामा झटकन मागे सरले आणि त्यांनी लांबूनच आशीर्वाद दिला. गाडीत बसल्यावर मला ते सारखं आठवत राहिलं. पोहोचल्यावर चार-पाच दिवसांनी मी हे पत्र लिहून टाकलं:

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचलो. परवा वर्गात लहरींचा धडा शिकवला. एका मुलीने विचारलं, सर, मोबाईलने कॅन्सर होतो का. जे पुस्तकात आहे ते मी सांगितलं, की तसा पुरावा अजून मिळालेला नाही. मग तिने विचारलं, तुमच्या घरचे काय म्हणतात. मी म्हणालो, माझ्या घरचे फोन लांब ठेवतात आणि मला जवळ. वर्ग हसला. मला पुढचं शिकवता येईना, म्हणून मुलांना गणितं सोडवायला दिली.

तुमच्यामुळे मी शिकलो आणि शिकून तुमच्याशीच वाद घातला. तो पुढेही घालणार आहे, तुम्हीही घाला. त्यासाठी तुम्ही हवे आहात.

दिवाळीला येतोय. फोन इथे खोलीवरच ठेवून निघणार आहे, त्यामुळे गाडी कुठवर आली ते कळवता येणार नाही. मामींना म्हणावं, जेवायला थांबू नका. आल्यावर आधी जवळून पाया पडेन. मग तुमच्या छातीला कान लावून एकदा ऐकणार आहे. त्या यंत्राचा आवाज येत नसतो, हे मला माहीत आहे. तरी ऐकणार आहे. तेव्हा मागे सरू नका.

तुमचा भाचा