तीन नंबरचा फ्रीज

रक्तपेढीच्या ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहून तिचं डोकं चांगलंच धारदार झालं होतं, जीभही. कुणाच्या कोडमध्ये चूक सापडली की ती चारचौघांत त्याची सालटी काढायची. तिची चूक काढायची मात्र कुणाची छाती नव्हती.

रक्तपेढीच्या आठ फ्रीजांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम तिचाच. प्रत्येक फ्रीजसाठी एक छोटं, बिननावाचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, आणि आठही एका यादीत टाकलेली. कॉम्प्युटरनं दर मिनिटाला ती ओळीनं चालवायची आणि ज्याचा फ्रीज तापला असेल त्यानं भोंगा वाजवायचा.

सोमवारी तीन नंबरचा फ्रीज बिघडला. भोंगा वाजला नाही, चाळीस पिशव्या रक्त वाया गेलं. तिथल्या तंत्रज्ञानं भोंगा बंद केला असणार, असं ताईनंच छातीठोकपणे लिहून दिलं. आज चार वाजता त्याला कामावरून काढणार होते.

साडेतीनला ती कोड सहज चाळत होती आणि एका ओळीपाशी थबकली. आठही फंक्शनं तिनं एक ते आठ मोजत एकाच फेरीत बनवली होती. त्यांनी आपापला नंबर जवळ ठेवलाच नव्हता. चालायची वेळ आली की प्रत्येक फंक्शन मोजणी कुठं थांबली ते बघत होतं, आणि ती थांबली होती आठवर. म्हणजे आठही पहारेकरी आठव्याच दारात उभे. चाचणीही तिनं आठव्याच फ्रीजवर केली होती, तो दाराजवळ होता म्हणून.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिला स्वतःचीच भीती वाटली. लॅपटॉप उचलून ती जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत शिरली. तंत्रज्ञ नोकरी गेल्याच्या कागदावर पेन टेकवत होता.

"सही करू नका," ती तंत्रज्ञाला म्हणाली. "चूक माझी आहे."

"ताई, काहीतरीच काय?" साहेब म्हणाले.

तिनं लॅपटॉपवर तीन नंबरचं तापमान मुद्दाम चढवून दाखवलं. भोंगा ढिम्म. आठचं चढवलं, तसा तो कानठळ्या बसवत कोकलला.

तंत्रज्ञानं खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

"बायकोलाही भोंगा मीच बंद केला असं वाटतंय," तो म्हणाला. "तुमचा कागद वाचलाय तिनं. तिला तुम्हीच सांगा."