तिसरा रकाना

“भाऊजी, हे सकाळी उठलेच नाहीत,” वहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या. माझा मित्र दिनकर गेल्याला आज पाच आठवडे झाले. शोक हळूहळू ओसरतो म्हणतात. माझ्या शोकात मात्र एक टोचणी आहे, ती नीट मांडावी म्हणून हे लिहितो आहे.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात पंपांना लागणारी रबरी सील तयार होतात. तिथे मागणी नोंदवून घेण्याचे काम दिनकरने अठ्ठावीस वर्षे केले. गिऱ्हाईक फोनवर सांगे, हा लिहून घेई, मग सगळे परत वाचून दाखवी आणि शेवटी विचारी, “साहेब, कुठल्या पंपाला बसवणार?” कितीतरी चुका त्या प्रश्नापाशीच थांबत. पुढे मोठ्या गिऱ्हाइकांनी कळवले, की यापुढे मागणी त्यांच्या संगणकातून थेट कारखान्याच्या संगणकात येईल. त्यासाठी प्रत्येक सीलच्या कारखान्यातल्या नावापुढे गिऱ्हाइकाने त्या सीलला दिलेला क्रमांक अशी यादी हवी होती. आणि बुटका, दोन ओठांचा, कल्याणवाला... ही नावे नेमकी कुठल्या सीलची, हे एकट्या दिनकरला ठाऊक होते.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. कोपरला त्याच्या घरी ओळीने सात रविवार आम्ही यादी करत बसलो. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात क्रमांक. तिसरा त्याने आपणहून आखला होता : शेरा. मी म्हणालो, “सॉफ्टवेअर दोनच रकाने घेतं.”

“अरे मास्तर, खरं काम तिसऱ्यातच आहे.”

“विचारलंय तेवढंच लिहावं.”

“म्हणून तुझी मुलं पास होतात, आणि तुझा नळ दुरुस्त करायला मी लागतो.”

मी पट्टी ठेवून पानोपानी तिसऱ्या रकान्यावर रेघ मारली. वही फेरतपासणीसाठी माझ्याकडेच राहिली.

यादी बिनचूक ठरली. मालकांची मुलगी मेघना आता कारखाना पाहते. तिने दिनकरला काढले नाही, “काका, आरामात बसा” म्हणाली. तो बसून राहिला. एकदा मला म्हणाला, “मागण्या येतात, छापून आत जातात. काही विचारावं, तर पलीकडे माणूसच नाही रे.” दिवाळीनंतर त्याने जाणेच सोडले, आणि उन्हाळ्यात गेला. डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे मी मुलांना नेहमी बजावत असे. तरीही...

गेल्या आठवड्यात मेघनाचा फोन आला. “सर, काकांची वही तुमच्याकडे आहे का? एक लॉट परत आलाय. नंबर बरोबर आहे, तरी सील बसत नाही म्हणतात.” मी पान काढले. माझ्या रेघेखाली दिनकरचे अक्षर होते : ‘सवयीने हाच क्रमांक देतात. जुन्या पंपाला चालत नाही. आधी फोन करावा.’ मी ते सांगितले. तिने लिहून घेतले आणि, कुणी न सांगता, सगळे मला परत वाचून दाखवले. मग म्हणाली, “पण सर, काका फोन कुणाला करायचे?”

मी पान उलटून पाहिले. वहीत ते नव्हते.