रेडिओच्या लेकीचं काय होणार

त्या रस्त्यावर सलून एकच होतं, पण ‘सलून कुठंय’ असं विचारलं तर लोक जरा बुचकळ्यात पडत. ‘रेडिओकडे जायचंय’ म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवी. सलूनवाल्याला हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं एवढं खरं. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू होई, आणि रात्री शटर खाली आलं तरी ते बंद होईलच याची खात्री नसे. हात मात्र असा हलका, की बोलण्याला कंटाळून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं महिन्याभरात गुपचूप परत येत.

माणूस मनाचा निर्मळ. फक्त तोंडात तीळ भिजत नसे. कोणाचा जावई रुसला, कोणी नवे दात बसवले, कोण घर बदलतोय, हे सगळं एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाई, आणि संध्याकाळी झाडलेल्या केसांबरोबर रस्त्यावर येई. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. लोकांना कळायला नको का, असं त्याचं म्हणणं.

अशा माणसाची एकुलती एक लेक आठवीत गेली आणि शाळेने पालकांना कळवलं, की नववीला मुलांना एक जादा विषय निवडायचा आहे, तेव्हा पुढे काय करावंसं वाटतं याचा घरी मुलांशी बोलून थोडा विचार करावा. त्यातला ‘थोडा’ रेडिओच्या नजरेतून निसटला. ‘मुलांशी बोलून’ हेही निसटलं. विचार तेवढा राहिला, आणि तो त्याने कंबर कसून सुरू केला.

त्याची पद्धत सोपी होती. खुर्चीत जो बसेल त्याच्या गळ्याभोवती कापड बांधायचं आणि विचारायचं, ‘साहेब, तुमच्या लाइनीत पोरींना वाव आहे का?’ गळ्यावर वस्तरा असताना वाव नाही असं कोण म्हणणार? त्यामुळे सगळ्याच लाइनींत वाव निघे. बँकेतले साहेब दाढी करून गेले की लेक बँकेत लागे. दातांचे डॉक्टर येऊन गेले की ती लोकांचे दात काढायला लागे. विमा एजंट तर दर पंधरवड्याला येई. रात्री जेवायला बसताना लेक आईला विचारी, ‘आज मी काय आहे गं?’

आई दिवसभर बेकरीच्या काउंटरवर उभी असे. रात्री पाय बोलत असल्याने तोंडाने बोलायची तिची हौस फिटलेली असे. ‘आज तू विमान उडवतेस,’ ती म्हणे. ‘वाढून घे.’

अभ्यासाच्या बाबतीतही रेडिओ मागे नव्हता. संध्याकाळी लेक सलूनच्या बाकावर बसून गृहपाठ करी आणि शेकडेवारीवर अडली की तो खुर्चीतल्या माणसाला म्हणे, ‘साहेब, जरा बघता का?’ मग अर्धं डोकं कापलेला एखादा हिशेबनीस गळ्यातल्या कापडासकट उठून बाकावर जाई आणि नफा-तोटा समजावून सांगे. लेकीचं गणित खरोखर सुधारलं. तिच्या बाईंनीही ते बोलून दाखवलं. रेडिओने ते पुढे सगळ्या रस्त्याला बोलून दाखवलं.

म्हणूनच पुढचा घाव त्याला वर्मी लागला. एके दिवशी वर्गाच्या बाई पाव घ्यायला बेकरीत आल्या आणि आईला सहज म्हणाल्या, ‘तुमची मुलगी पाणी शुद्ध करतात ना तिथे नेलं तेव्हा परत निघताना बसमध्ये चढायलाच तयार नव्हती. तिथल्या पाणी तपासणाऱ्या ताईंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं तिने. अजूनही माझ्याशी त्याबद्दल बोलते. सांगितलंच असेल घरी.’

घरी अवाक्षर सांगितलं नव्हतं. आईने रात्री नवऱ्याला हे सांगितलं, आणि रेडिओचा घास हातातच राहिला. शाळेने वर्गाला छापखाना दाखवला, गॅरेज दाखवलं, पाण्याचं केंद्र दाखवलं. त्याने रोज विचारलं होतं, ‘काय पाहिलंस?’ लेक रोज म्हणाली होती, ‘काही विशेष नाही.’ सगळ्या गावाच्या बातम्या ज्याच्याकडे पहिल्यांदा येत, त्याला स्वतःच्या लेकीची बातमी बेकरीमार्गे कळली. त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लेक आपल्याला परकं समजते की काय, या विचाराने त्या रात्री तो कूस बदलत राहिला, आणि बायकोलाही झोपू दिलं नाही.

आठवड्याने शाळेत पालकसभा होती. या वर्षी बाईंनी नवीनच टूम काढली होती. एकेका घराला वेगळं बोलवायचं, आणि मुलाबद्दल बाईंनी किंवा पालकांनी बोलायचं नाही. मुलानेच बोलायचं. कशात गती आहे, कुठे अडतं, काय आवडतं. त्याचं बोलून होईपर्यंत मोठ्यांनी नुसतं ऐकायचं.

‘नुसतं म्हणजे?’ रेडिओने विचारलं.

‘म्हणजे तोंड न उघडता,’ बाई म्हणाल्या.

वर्गात बाक लहान होते. रेडिओ गुडघे पोटाशी घेऊन बसला. सवयीने त्याची बोटं कात्री चालवल्यासारखी हलत होती. शेजारी बायको सावध होऊन बसली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती. लेक समोर उभी राहिली, आधी जमिनीकडे बघत, मग बाईंकडे बघत बोलू लागली. शेकडेवारी आता जमते, भूमिती जमत नाही, असं तिने सांगितलं. ‘जमेल की—’ रेडिओने सुरुवात केली, आणि बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

‘मला त्या पाण्याच्या केंद्रातलं काम आवडलं,’ लेक म्हणाली. ‘दिसायला स्वच्छ असलेलं पाणीही तपासून बघतात, ते आवडलं. म्हणून नववीला प्रयोगाचा विषय घ्यावा असं वाटतंय. पण तेच करीन असं काही नाही. मला अजून बाकीची कामं बघायची आहेत.’

‘घरी का नाही बोललीस?’ बाईंनी विचारलं.

लेक पुन्हा जमिनीकडे बघत म्हणाली, ‘बाबांना सांगितलं की ते पक्कं होतं.’

बाईंना कळलं नाही. तेव्हा तिने समजावून सांगितलं. दुसरीत असताना ती एकदा म्हणाली होती, की मला प्राणी आवडतात. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सलूनमध्ये जाहीर केलं, की आमची लेक जनावरांची डॉक्टर होणार. मग वर्षभर लोक तिला आजारी पोपट आणून दाखवत होते. एक आजोबा लंगडं मांजर घेऊन आले आणि तिला काही करता येईना तेव्हा रागावून गेले. ती त्या मांजरासाठी रात्री रडली होती. ‘मी त्यांना काही सांगितलं की ते सगळ्या रस्त्याचं होतं,’ लेक म्हणाली. ‘मग मला बदलता येत नाही. बाबा चांगले आहेत. पण मी काही सांगत नाही.’

पोपटांच्या वर्षाचा रेडिओला भारी अभिमान होता. ती गोष्ट तो आजही गिऱ्हाइकांना रंगवून सांगे. आता बोलायची पाळी त्याची होती, बाईंनी हाताने तसं सुचवलंही. त्याने तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा आतून काही आलं नाही.

घरी जाताना लेक पुढे चालत होती. बायको हळूच म्हणाली, ‘अहो, गिऱ्हाइकाला चारदा विचारता, कानावर ठेवू की वर घेऊ, मागे किती काढू. तिला काय हवंय ते एकदा तरी विचारलंत का?’

‘विचारलं असतं,’ रेडिओ म्हणाला, ‘पण तिने सांगितलं असतं तर मी बोललो असतो ना सगळ्यांना.’ हे म्हणताना त्याचा चेहरा इतका उतरला, की बायकोने पुढची वाक्यं मनातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेतले साहेब आले. बाकावर दोघे जण वाट बघत बसले होते आणि टोकाला लेक भूमिती करत होती. साहेबांनी आरशातून विचारलं, ‘काय रेडिओ, लेकीचं ठरलं का काय ते?’

लेकीची पेन्सिल थांबली.

रेडिओच्या घशाशी सगळं आलं. केंद्र, पाणी, त्या ताई, प्रयोगाचा विषय. बातमी अशी होती की तिने सलून आठवडाभर चाललं असतं. त्याने कंगवा ओला केला, पुन्हा ओला केला. ‘मला ठाऊक नाही, साहेब,’ तो म्हणाला.

‘बापाला ठाऊक नाही? तेही रेडिओला?’ साहेब हसले. बाकावरचे दोघेही मोठ्याने हसले. गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे सांगणाऱ्या माणसाचे कान लाल झाले.

‘नाही ठाऊक,’ तो पुन्हा म्हणाला. ‘कल्ले कुठपर्यंत ठेवू?’

साहेब गेले. बाकावरचा पहिला माणूस खुर्चीकडे निघाला. तेवढ्यात लेक उठून रेडिओजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, घरी गेल्यावर एक सांगायचंय.’

काय, कशाबद्दल, आत्ताच सांग, हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. ‘आईला ठाऊक आहे?’ एवढंच त्याने विचारलं.

‘नाही. आधी तुम्हाला.’

रेडिओने पुढच्या माणसाला बसवलं, कापड बांधलं, आणि त्याचं अख्खं डोकं संपेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. शेवटी त्या बिचाऱ्यानेच घाबरून आरशात बघत विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’