उंच तारांची गिटार: कळंब ते उमरगा

आज कळंबहून स्वतःच्या गाडीनं निघालात तर चहा घरी आणि जेवण उमरग्याला. एकोणीसशे साठच्या सुमारास मी पहिल्यांदा ठरवून निघालो तेव्हा आम्हाला दोन दिवस लागले होते. पण त्या प्रवासात जे ऐकलं, त्याच्यापुढं नंतर पाहिलेले समुद्र आणि डोंगर मला जरा फिकेच वाटले, हे आधीच सांगून टाकतो.

निघायचं कारण होतं एक पोस्टकार्ड. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात उमरग्याजवळ आत्याच्या गावी कडबा कापायच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. मी तेव्हा वीस वर्षांचा, आणि बासरी वाजवायचो. बरी नाही, चांगली वाजवायचो! बासरीच्या भोकांना दोन्ही हातांची तीन-तीन बोटं लागतात, माझ्या डाव्या हाताला अंगठ्याशिवाय दोनच उरली. घरी परतलो तर खुंटीवरची बासरी गायब. आईनं लपवली होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जात्यावर बसली की ओव्या म्हणणारी माझी आई त्या दिवसापासून मुक्यानं दळू लागली.

कार्ड पाठवलं होतं उमरग्याच्या दवाखान्यातल्या मार्थाबाईंनी. माझ्या हाताची मलमपट्टी महिनाभर त्यांनीच केली होती. ‘इथे जुन्या सामानाच्या दुकानात दोन गिटारी आल्या आहेत. तुझ्या हाताला जमेल, मी शिकवीन. शनिवारी कुणाला तरी घेऊन या. मी दुपारी एकला सुटते, तोवर थांबा.’

सोबत निघाले दत्तूमामा, आईचे भाऊ. कळंबच्या धान्यबाजारात तोलाईचं काम करणारे. मामांचा एक नियम होता: वस्तू कुठलीही असो, कुंभाराकडचं मडकं घेतात तशी बोटांनी वाजवून घ्यायची. कलिंगड, घागर, दाराची फळी, सगळं टकटक.

एसटीनं धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला आलो. तिथं गाडी बदलून दिवस मावळायला तुळजापूर. धर्मशाळेत शिदोरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी देवळात संबळ कडाडला. देवीपुढं हात जोडले, तर एका तळव्याला पाच बोटं, दुसऱ्याला तीन. काय मागावं तेच सुचेना. मामा शेजारून म्हणाले, “माग की मुकाट्यानं! तिला समदं दिसतंय.”

पुढं नळदुर्ग. गाडी अर्धा तास थांबली तेवढ्यात किल्ल्याच्या धरणावरून कोसळणारं पाणी लांबूनच पाहिलं. (तुम्ही गेलात तर पावसाळ्याच्या शेवटी जा आणि आत उतरा, आमच्यासारखी चुटपुटती भेट घेऊन परतू नका.)

उमरग्याला अकराला पोचलो. हमरस्त्यावर हैद्राबादकडचे ट्रक, हॉटेलात कानडी-मराठीची सरमिसळ. खायला सुशीला घेतलं, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. झकास! एक वाजायला अवकाश होता. पण मामा थांबतील तर शपथ.

“आपल्याला पारख न्हाय व्हय? चल.”

दुकान रहीमचाचांचं. त्यांनी दोन्ही गिटारी पुढ्यात मांडल्या. एक लाल, चकचकीत, तारा लाकडाला लागून. दुसरी ओरखड्यांनी भरलेली, आणि तिच्या तारा करंगळी आत जाईल एवढ्या उंच. मामांनी दोन्हींवर टकटक केलं.

“ही लाल घेऊ. त्या दुसरीच्या तारा दाबायला पैलवान लागंल. चाचा, तिच्या मानंवरची ती पितळी पट्टी काढून घासा, तारा खाली बसतील. मग खपंल.”

“सच बोले मामू, आजच घासतूँ,” चाचा म्हणाले.

एकला दवाखान्यात गेलो. लाल गिटार पाहून मार्थाबाईंचा चेहरा उतरला. “थांबा म्हटलं होतं ना! बरं, दाब बघू तार.” दाबली. उरलेल्या दोन बोटांनी धड एक सूर धरवेना. तारा नुसत्या खरखरल्या. डोळ्यांत पाणी आलं आणि मी मान वळवली.

“दुसरी कशी होती?” बाईंनी विचारलं.

“तिच्या तारा लई उंच. टाकाऊ,” मामा म्हणाले.

“अहो, तीच! ती दाबायची नसतेच!”

मामांनी वहाणा न घालता धूम ठोकली. लाल गिटार छातीशी धरून मी मागं. दुकानात चाचांनी पट्टीभोवतालच्या तारा सैल केलेल्या, हातात कानस. “थांबा चाचा! माझंच चुकलं!” मामा रस्त्यातूनच ओरडले. आयुष्यात मामांच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं. चाचांनी हसत गिटारी बदलून दिल्या.

बाईंनी ती ओरखड्यांची गिटार मांडीवर आडवी ठेवली, तारा जुळवल्या. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत एक पोलादी कांडी धरली. फक्त दोन बोटांत! बाकीची दोन त्यांनी दुमडूनच घेतली होती. कांडी तारेवर टेकवली, उजव्या हातानं तार छेडली आणि कांडी हलकेच सरकवली.

काय सांगू! तो सूर एका जागी थांबतच नव्हता. गळ्यातून निघाल्यासारखा चढला, थरथरला, उतरला. मामांनी टोपी काढून हातात घेतली. “आयला, हे तर गातंय,” एवढंच म्हणाले.

कांडी बाईंकडं एकच होती. माझ्यासाठी हमरस्त्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं ट्रकच्या मोडक्या इंजिनातली पिस्टनची पिन काढून दिली: बोटाएवढी, जड, आरशासारखी गुळगुळीत. मामांनी तीही वाजवून घेतली. आत्याकडं चार दिवस राहून मी रोज बाईंकडं शिकलो.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढं होती. ओसरीवर बसून तिच्याच ओवीची चाल चाचपडत काढली. दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा सापडली. भाकरी करपल्याचा वास आला, पण आईनं ती उलटली नाही. बसल्या जागी तिनं हळूच चालीत शब्द घातले. आवाज इतक्या दिवसांनी फुटत होता, चिरकत होता. मी पिन सरकवत राहिलो.

मोठा वादक मी झालो नाही. शाळेत मास्तर झालो, पोरांच्या प्रार्थनेला वाजवत राहिलो. आज मांडीवर गिटार पेलवत नाही, पण ती पिन हे लिहिताना टेबलावर आहे.

त्या दिवशी ओवी संपल्यावर आई आत गेली. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिनं बासरी बाहेर काढली, पदरानं पुसली आणि परत खुंटीला अडकवली.

“राहू दे हितंच,” म्हणाली. “आता हिच्याकडं बघवतंय मला.”